कळते पण वळत नाही : संत ऑगस्टीन यांचे चरित्र

ईस्टर हा ख्रिस्ती धर्मीयांच्या सर्व सणांचा मुकुटमणी होय. क्रूसावर देह ठेवलेला प्रभू येशू तिसऱ्या दिवशी मृत्यूवर जय मिळवून उठला, या श्रद्धेचा हा उत्सव आहे. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. येशूने आपल्या कार्यास आरंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस निराहार काढले. तेथे सैतानाने त्यास प्रथम भाकरीचा, मग चमत्काराच्या प्रदर्शनाचा आणि शेवटी जगातील राज्यवैभवाचा मोह घातला. हे तिन्ही मोह येशूने परतवून लाविले. पुढे अखेरच्या रात्री, गेथशेमानेच्या बागेत मृत्यू समोर उभा दिसत असता, त्याने स्वतःची इच्छा बाजूस सारून पित्याची इच्छा शिरोधार्य मानिली. मोहाचा पराभव आणि ईश्वराज्ञेचे पालन ही या चाळीस दिवसांच्या व्रतामागील दोन मूलतत्त्वे होत.

परंतु ज्यास देवपुत्र मानिले त्याला जे साधले, ते तुम्हाआम्हांसारख्या प्रपंचातील माणसास कसे साधावे? आपली अवस्था मराठीतल्या चार शब्दांत सामावलेली आहे : कळते पण वळत नाही. धर्म ठाऊक आहे, पण तिकडे मन जात नाही. अधर्म ठाऊक आहे, पण त्यापासून मन परतत नाही, ही कबुली आपल्या परंपरेने दुर्योधनाच्या मुखी घातली आहे. तो तेवढ्यावर थांबत नाही. हृदयात बसलेला कोणी देव करवितो तसे मी करितो, असे म्हणून तो आपल्या पापाचा भार परस्पर देवावर टाकून मोकळा होतो. कबुली खरी, पण तिला पळवाट जोडलेली!

सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत एक पुरुष असा होऊन गेला की, त्याने हीच कबुली दिली, हीच पळवाट कित्येक वर्षे वापरून पाहिली आणि अखेर ती टाकून दिली. ते संत ऑगस्टीन होत. इसवी सन ३८७ मध्ये ईस्टरच्याच रात्री त्यांनी बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा, स्वीकार केला. म्हणून या पर्वाच्या निमित्ताने त्यांचे आख्यान वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बालपण आणि नासपतीची चोरी

आज अल्जीरिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात तागास्ते नावाचे एक गाव होते. तेथे १३ नोव्हेंबर ३५४ रोजी ऑगस्टीनचा जन्म झाला. त्या काळी तो सारा प्रदेश रोमन साम्राज्यात मोडत असे. पिता पात्रिसियस हा जुन्या रोमन देवतांना मानणारा, बेताच्या स्थितीतला गृहस्थ. माता मोनिका ही निष्ठावंत ख्रिस्ती. मुलगा अत्यंत बुद्धिमान. त्याने वक्तृत्वशास्त्रात प्रावीण्य मिळवावे आणि मोठ्या पदास चढावे, ही आईबापांची आकांक्षा होती. मात्र पैशाअभावी सोळाव्या वर्षी शिक्षणात खंड पडला आणि मुलगा घरी रिकामा बसला.

त्या रिकामपणात एका रात्री सवंगड्यांसह त्याने शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. पोटात भूक नव्हती, फळे फारशी चांगलीही नव्हती. बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे फेकून दिली. पुढे प्रौढ वयात ऑगस्टीनने या क्षुल्लक चोरीचा जितका विचार केला, तितका दुसऱ्या मोठ्या पापांचाही क्वचितच केला असेल. भुकेने केलेल्या चोरीचे कारण भूक होय. या चोरीला कारणच नव्हते. जे निषिद्ध आहे ते निषिद्ध म्हणूनच गोड लागले. आज्ञा मोडण्याची ही चव माणसाच्या जिभेला जन्मतःच लागलेली असते, हे त्या फळांनी त्यास शिकविले.

सतराव्या वर्षी एका धनिक ग्रामस्थाच्या साहाय्याने तो कार्थेज या महानगरीत विद्याभ्यासास गेला. तेथे त्याने एका स्त्रीशी विवाहावाचून संसार मांडिला आणि तिच्यापासून त्यास एक पुत्र झाला. पुत्राचे नाव अदेओदातुस. त्या लॅटिन नावाचा अर्थ आपल्याकडील देवदत्त या नावासारखाच, देवाने दिलेला.

पापाला दुसरा धनी

एकोणिसाव्या वर्षी रोमन पंडित सिसेरो याचा तत्त्वज्ञानाची थोरवी गाणारा ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि सत्यशोधाची ओढ लागली. बायबल उघडून पाहिले, तर त्याची साधी भाषा या अलंकारप्रिय तरुणास पसंत पडेना. मग तो मानी या धर्मसंस्थापकाच्या पंथात शिरला. तिसऱ्या शतकात इराणी साम्राज्यात होऊन गेलेल्या या मानीची शिकवण अशी की, प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे असून माणसाच्या ठायी त्यांचे युद्ध चालते. ऑगस्टीनला ही शिकवण फार सोयीची वाटली. पाप घडले तर ते आपण केले नसून आपल्यातल्या अंधाराने केले, असे समाधान मानून घेता येई. दुर्योधनाने देवावर टाकलेला भार याने अंधारावर टाकला, इतकेच! या पंथात त्याची सुमारे नऊ वर्षे गेली.

तारुण्याच्या आरंभी तो कधी देवाकडे संयमाची याचनाही करी. तथापि देवाने ती तत्काळ मान्य करू नये, अशी पुस्ती मनातल्या मनात जोडून देई. रोग बरा व्हावा, पण आज नको! व्रत धरावे, पण पुढच्या महिन्यापासून! ज्याने हे कधी अनुभविले नाही असा गृहस्थ विरळाच.

माता मोनिका मात्र मुलासाठी रात्रंदिवस अश्रू ढाळीत होती. एका धर्माध्यक्षाने तिला धीर दिला की, इतक्या अश्रूंचा पुत्र वाया जाणे शक्य नाही. ३८३ साली ऑगस्टीनने रोमला जाण्याचे ठरविले. आई सोडीना, तेव्हा एका मित्रास निरोप देण्याचे खोटे निमित्त सांगून त्याने तिला किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळी ठेविले आणि रातोरात जहाजाने निघून गेला. पहाटे रिकामा समुद्र पाहून त्या मातेने केलेला आक्रोश त्यास आयुष्यभर विसरता आला नाही.

मिलानमधील वैभव आणि एक निनावी स्त्री

पुढच्याच वर्षी, ३८४ मध्ये, मिलान येथे वक्तृत्वाचा राजमान्य अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. बादशहाचा दरबार तेव्हा मिलानलाच होता. आफ्रिकेतल्या लहान गावचा मुलगा आता दरबारात स्तुतिपर भाषणे करू लागला. ती भाषणे असत्याने भरलेली आहेत हे त्यास ठाऊक होते, आणि ऐकणाऱ्यांसही ठाऊक होते. असेच एक भाषण मनात जुळवीत रस्त्याने जाताना त्यास दारूच्या धुंदीत खदखदा हसणारा एक भिकारी दिसला. चार नाण्यांत याला जो आनंद मिळाला तो आपणांस एवढ्या खटाटोपाने मिळत नाही, या विचाराने तो खिन्न झाला.

त्या नगरीचे धर्माध्यक्ष अँब्रोज हे थोर वक्ते होते. त्यांची शैली कशी आहे हे पाहण्यासाठी ऑगस्टीन त्यांच्या प्रवचनास जाऊ लागला. शब्दांच्या ओढीने गेला आणि शब्दांबरोबर अर्थही अंतःकरणात उतरला. बायबलच्या साध्या भाषेत केवढे गांभीर्य आहे ते तेथे त्यास उमगले. मानीच्या पंथावरचा विश्वास आधीच डळमळीत झाला होता, तो आता पुरता गेला. बुद्धीच्या शंका एकेक करून फिटू लागल्या. तरीही वर्तन जागचे हलेना.

येथे या चरित्रातला एक दुःखद प्रसंग येतो, तो आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. मोनिका मुलापाठोपाठ मिलानला आली होती. तिने पुढाकार घेऊन त्याच्यासाठी प्रतिष्ठित घरची वधू निश्चित केली. वधू विवाहयोग्य वयाहून दोन वर्षांनी लहान होती, त्यामुळे थांबणे भाग होते. या सोयरिकीच्या आड येते म्हणून, जिने सुमारे चौदा वर्षे त्याचा संसार केला त्या स्त्रीला आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. पुत्र बापाजवळ राहिला. जाताना तिने पुन्हा कोणत्याही पुरुषाशी संबंध न ठेवण्याचे देवापाशी व्रत घेतले. ऑगस्टीनचे हृदय विदीर्ण झाले खरे, पण ती दोन वर्षेसुद्धा त्यास एकट्याने काढवेनात. त्याने दुसरी स्त्री जवळ केली.

वाचकहो, या स्त्रीचे नावदेखील इतिहासास ठाऊक नाही. ऑगस्टीनने ते कोठे लिहून ठेविले नाही. परंतु ज्या मोहापुढे तो महापंडित हतबल झाला, त्याचा त्याग करण्याचा निर्धार तिने त्याच्याआधी केला, आणि तोही कोणत्याही ग्रंथाच्या आधारावाचून. हे त्याने स्वतःच लिहून कबूल केले, ही त्याच्या सत्यनिष्ठेची खूण होय. संतचरित्र वाचताना संताच्या वाटेवर कोणाकोणाची आयुष्ये तुडविली गेली, तेही स्मरणात ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बागेतील झुंज

३८६ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. पाँटिसियानुस नावाचा एक राजसेवक भेटीस आला. ईजिप्तच्या वाळवंटात सर्वसंगपरित्याग करून राहिलेल्या अँटनी या तपस्व्याची कथा त्याने सांगितली. ते चरित्र वाचताच दोन दरबारी अधिकाऱ्यांनी जागच्या जागी संसार सोडल्याचेही सांगितले. ते ऐकून ऑगस्टीन अस्वस्थ झाला. ज्यांनी आपल्याएवढे वाचले नाही ते पुढे निघून गेले आणि आपण ग्रंथ चाळीत मागेच राहिलो, या लज्जेने तो मित्र अलिपियस याच्यासह घरामागील बागेत गेला.

तेथे त्याने केस उपटले, कपाळ बडविले, गुडघे आवळून धरिले. आणि त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. मनाने हाताला आज्ञा केली की हात तत्क्षणी हालतो. परंतु मनाने मनालाच आज्ञा केली, तर मन ऐकत नाही! आज्ञा करणारे आणि ती मोडणारे एकच. मग दोष अंधाराचा कसा? येथे दुसरे कोणी नाहीच. अर्धे मन मागते आणि अर्धे नाकारते, आणि दोन्ही अर्धी आपलीच. पळवाटेची भिंत येथे कोसळली. पाप माझेच आहे, आणि ते माझ्या बळाने सुटत नाही, या दोन सत्यांच्या कैचीत सापडून तो अंजिराच्या झाडाखाली कोसळून रडू लागला.

तोच शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज कानी आला. उचल आणि वाच, अशा अर्थाचे बोल ते मूल पुनःपुन्हा म्हणत होते. असा कोणता खेळ मुले खेळतात हे त्यास आठवेना. ही देवाचीच आज्ञा समजून त्याने जवळचे संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील जो भाग दृष्टीस पडला, त्यात विषयविलास टाकून ख्रिस्तालाच वस्त्राप्रमाणे अंगी धारण करण्याचा उपदेश होता. पुढे वाचण्याची गरज राहिली नाही. अलिपियसनेही त्यापुढील ओळ आपल्यास लागू करून घेतली. दोघांनी आत जाऊन मोनिकेस वर्तमान सांगितले. तिच्या आनंदास पारावार उरला नाही.

त्याने ठरलेला विवाह मोडला आणि द्राक्षतोडणीच्या सुट्टीनंतर अध्यापकाचे पद सोडले. काही महिने मिलानजवळच्या एका खेडेगावात माता, पुत्र व मित्र यांच्या संगतीत चिंतनात घालविले. ३८७ मध्ये, २४ एप्रिलच्या ईस्टरच्या जागरणरात्री, अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन, अलिपियस आणि सुमारे पंधरा वर्षांचा अदेओदातुस या तिघांचा बाप्तिस्मा झाला. बाप आणि लेक एकाच रात्री जन्मले! येथवर आम्ही कथेच्या ओघात ऑगस्टीन यांस एकेरी संबोधिले. यापुढे तसे करवत नाही.

आज्ञेचे आयुष्य

त्याच वर्षी आफ्रिकेस परतताना रोमजवळच्या ओस्टिया बंदरात मोनिका छप्पन्नाव्या वर्षी निवर्तल्या. पतीशेजारी देह ठेवण्याची जुनी इच्छा त्यांनी सोडून दिली. देह कोठेही पुरावा, वेदीपाशी माझे स्मरण मात्र ठेवावे, एवढेच त्यांनी मुलांजवळ मागितले. ३८८ मध्ये ऑगस्टीन मायदेशी पोहोचले. थोड्याच काळात अदेओदातुसही ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर मरण पावला. देवाने दिलेला देवाने नेला.

ऑगस्टीन यांस आता एकान्त, मित्रमंडळ आणि ग्रंथ एवढेच हवे होते. धर्माध्यक्षाचे पद गळ्यात पडेल या भीतीने, ज्या गावी ते पद रिकामे असेल तेथे जाणेच ते टाळीत. ३९१ साली हिप्पो येथे गेले, कारण तेथे धर्माध्यक्ष होते. पण तेथील लोकांनी त्यांना प्रार्थनामंदिरात धरून पुढे नेले आणि पुरोहितपदाची दीक्षा देवविली. ऑगस्टीन रडू लागले. मोठ्या पदाऐवजी धाकटे मिळाले म्हणून रडतात, असे समजून काहींनी त्यांचे सांत्वनही केले! आपली इच्छा एक आणि आज्ञा दुसरी, असा प्रसंग आला असता त्यांनी आज्ञा उचलली. काही वर्षांत ते तेथील धर्माध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत त्या एकाच गावची सेवा करीत राहिले.

त्यांची राहणी साधी होती. चमचे तेवढे चांदीचे, बाकी भांडी माती, लाकूड वा दगडाची. अनुपस्थित माणसाची निंदा करणाऱ्यास या पंक्तीत स्थान नाही, अशा आशयाचा श्लोक त्यांनी भोजनाच्या मेजावर कोरून घेतला होता. बंदिवानांना सोडविण्यासाठी प्रसंगी त्यांनी पूजेची पात्रेही वितळविली. त्यांच्या कार्यात वादाच्या जागाही आहेत. दोनातिस्त नामक विरोधी पंथीयांना वळविण्यासाठी राजदंडाचा उपयोग त्यांनी पुढे पुढे योग्य मानिला. बागेत ज्यांनी मनाची मुक्त शरणागती अनुभविली, त्यांनी इतरांस सक्तीने वळवू पाहावे, याची टोचणी त्यांच्या भक्तांनाही लागते.

जिंकल्यानंतरचे युद्ध

धर्माध्यक्ष झाल्यावर, ३९७ च्या सुमारास, त्यांनी आपले जगप्रसिद्ध आत्मनिवेदन लिहिण्यास घेतले. त्याचे तेरा भाग आहेत. बागेतल्या प्रसंगाशीच ग्रंथ संपेल अशी वाचकाची अपेक्षा असते. पण दहाव्या भागात हे वंदनीय धर्माध्यक्ष आपले त्या दिवसाचे मन उघडून दाखवितात. जागेपणी जिंकलेली वासना स्वप्नात येते. अन्न औषधासारखे घ्यावे म्हटले, तरी भूक कोठे संपली आणि जिव्हालौल्य कोठे सुरू झाले ते कळत नाही. रानात कुत्रा सशामागे धावताना दिसला की चिंतन सोडून दृष्टी तिकडे जाते. प्रार्थनामंदिरातील गायन ऐकताना अर्थापेक्षा सुराचेच सुख अधिक झाले, तर तोही अपराध वाटतो. आणि लोकांची स्तुती! ती नको म्हणावी, तर ती नको म्हणण्याचाही गर्व होतो.

हे शेवटचे दोन मोह वाचताना आम्हां कीर्तनकारांस थबकावेच लागते. सूर आणि शब्द हेच आमचे भांडवल. टाळ्यांचा कडकडाट झाला तो देवाच्या नामाला की आमच्या कंठाला, हा प्रश्न व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकास दररोज नव्याने सोडवावा लागतो. ज्याने दरबारात शब्द विकले आणि मग तेच शब्द देवास वाहिले, त्याच्याइतके हे कोणास कळावे?

ब्रिटनमधून आलेला पेलागियस नावाचा एक सदाचारी तपस्वी त्या काळी रोममध्ये होता. मनुष्याने निश्चय केला तर तो देवाच्या सर्व आज्ञा पाळू शकतो, असे त्याचे मत होते. आज्ञा पाळण्याचे बळही देवाकडेच मागावे, हा ऑगस्टीन यांचा विचार त्यास दुबळेपणाचा वाटला. या वादात ऑगस्टीन यांनी आयुष्याची शेवटची सुमारे वीस वर्षे वेचली. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते त्याज्य ठरविली. प्रयत्न करूच नये, असे ऑगस्टीन यांनी कधी म्हटले नाही. प्रयत्नाची शक्तीही प्रसाद आहे, एवढेच त्यांचे सांगणे होते. बागेत ज्याचे स्वतःचे मन स्वतःचे ऐकेना, त्याने दुसरे काय सांगावे?

४३० साली वँडल टोळ्यांनी हिप्पोस वेढा दिला. पंचाहत्तर वर्षांचे ऑगस्टीन ज्वराने अंथरुणास खिळले. त्यांचे शिष्य व चरित्रकार पोसिडियस सांगतात की, पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून घेऊन त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावविली आणि अश्रू ढाळीत ती वाचीत राहिले. शेवटचे सुमारे दहा दिवस त्यांनी वैद्य आणि जेवण आणणारे यांच्याखेरीज कोणासही आत येऊ दिले नाही. कितीही पुण्यवान असो, पश्चात्तापावाचून कोणी जग सोडू नये, असे ते म्हणत. तसेच ते वागले. २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांनी देह ठेविला. मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवण्याजोगे काही नव्हते.

त्यांचे नाव धारण करणारे संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यात त्यांनी बांधलेले भव्य मंदिर १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. जांभ्या दगडाचा भग्न मनोरा तेवढा आजही उभा आहे. ते मंदिर कृपामातेस अर्पण केलेले होते. ऑगस्टीन यांच्या साऱ्या जीवनाचे सार त्या एका कृपा शब्दात आहे.

ईस्टरच्या रात्री आजही प्रार्थनामंदिरांत भाविक हाती पेटती मेणबत्ती घेऊन उभे राहतात आणि सैतानाचा व त्याच्या मोहांचा त्याग केल्याचे, लहानपणी त्यांच्या वतीने दिलेले वचन पुन्हा उच्चारतात. एकदा दिलेले वचन दरवर्षी पुन्हा का द्यावे, असे कोणी विचारील. ऑगस्टीन यांचे चरित्र हेच त्याचे उत्तर आहे. मोह एकदा जिंकून संपत नाही. आपला दोष दुसऱ्याच्या माथी न मारता कबूल करावा, उठण्याचे बळ देवाकडे मागावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठावे. कळते ते वळेपर्यंतची वाट लांब आहे. पण त्या वाटेवर रडत का होईना चालणाऱ्यास देव टाकीत नाही, एवढा विश्वास या पुण्यपर्वी सर्वांच्या अंतःकरणी दृढ होवो, अशी प्रार्थना करून आम्ही ही सेवा येथे पूर्ण करितो.